तारणातलं शिलाई मशीन

वहिनी : हात काढा आधी त्याच्यावरून.

बेलिफ : ताई, मी नुसता नंबर बघतोय. खाली पट्टीवर कोरलेला असतो.

वहिनी : नंबर बघायला मशीनला मिठी मारावी लागते का? उठा. पँटला तेल लागेल. आणि तुमच्या त्या दोन हमालांना सांगा, त्या खुर्च्यांवर बसू नका म्हणावं. गिऱ्हाइकाच्या आहेत, कालच कापड चढवलंय.

बेलिफ : उठा रे. दारात थांबा. ताई, मी कोर्टाचा बेलिफ आहे. तुमच्या दिरांनी फायनान्स कंपनीचं कर्ज फेडलं नाही, कंपनी कोर्टात गेली, कोर्टानं जप्तीचा हुकूम दिला. तो मी त्यांना वाचून दाखवलाय. तुम्ही आवाज चढवलात म्हणून त्यातलं एक अक्षर बदलायचं नाही.

वहिनी : हा चढलेला नाही. हा साधा आहे. चढला की कळेल तुम्हाला. भावजी, त्या फळ्यांच्या मागं काय करताय तुम्ही? पुढं या.

दीर : कॉम्प्रेसरची वायर सोडवतोय वहिनी. तो नेणार आहेत ना.

वहिनी : नेऊ देत. कॉम्प्रेसर तुमचा, कर्ज तुमचं. तो तयार सोफाही तुमचा, तोही नेऊ देत. मी काही बोलले? पण शिलाई मशीन माझं आहे. तेवढं यांना सांगा आणि मग खुशाल वायरी सोडवत बसा.

दीर : सांगतो ना. जरा शांतपणे घ्या.

वहिनी : घेतलं शांतपणे. सांगा.

दीर : साहेब, म्हणजे त्याचं कसं आहे... इथं आम्ही दोघंही काम करतो. सांगाडे, फोम, पट्ट्या माझ्याकडे. शिवण वहिनींकडे.

बेलिफ : कोण काय काम करतं ते मी विचारलेलं नाही. मालकी कुणाची?

दीर : तेच सांगतोय. एकत्रच असतं ना घरात सगळं.

वहिनी : एकत्र? कधीपासून? गेल्या महिन्यात किराणा भरताना तर म्हणालात, तुमचं तुम्ही बघा, माझं मी बघतो. बँकेची मशिनं बंद आहेत म्हणून हात वर केलेत. रोज तेच. आज बंद, उद्या बंद. मला वाटलं, कसली बाई ही बँक!

बेलिफ : बँक बंद नव्हती ताई. त्यांच्या खात्यावर टाच आणली होती. त्यात काही निघालं नाही. खात्यात मिळालं नाही की वस्तूंवर यायचं, असा क्रम असतो.

वहिनी : ऐकलंत? परक्या माणसाकडून कळतंय मला.

दीर : तुम्हाला कशाला उगाच त्रास, म्हणून नाही सांगितलं.

वहिनी : किती काळजी हो माझी! आज दारात हमाल उभे राहिले, तो त्रास नाही? साहेब, तुम्हीच सांगा. त्यांच्या कर्जात माझी वस्तू कुठून आली? आणि कारागिराची अवजारं नेता येत नाहीत, हे मलाही माहीत आहे.

बेलिफ : बरोबर आहे. म्हणूनच कात्र्या, हातोड्या, रंधा, यांना मी हात लावलेला नाही. घरातली भांडीकुंडी, अंगावरचे कपडे, तेही सोडतो. पण हे मशीन तारण दिलेलं आहे. कर्ज घेताना कंपनीला सांगितलंय, हे आमचं, पैसे बुडाले तर हे घ्या. तेव्हापासून त्याच्यावर कंपनीचा बोजा आहे.

वहिनी : कुणी दिलंय तारण?

बेलिफ : मी कशाला बोलू? ते उभे आहेत ना.

वहिनी : भावजी.

दीर : वहिनी, ऐका आधी. ते थिएटरचं काम आलं होतं ना, सगळ्या खुर्च्या नव्यानं करायच्या? रेग्झिन आणायला पैसा लागत होता. कंपनी म्हणाली, दुकानात काय काय आहे ते दाखवा. माझ्याकडे होतं काय? एक कॉम्प्रेसर आणि चार करवती. मशीन असलं की दुकान भरलेलं दिसतं. नुसतं दाखवायचं होतं हो!

वहिनी : नुसतं दाखवायचं होतं.

दीर : काम पुरं झालं असतं तर तुम्हाला कळलंही नसतं. त्या मालकानं थिएटरच बंद केलं. रेग्झिनचे गठ्ठे माझ्या अंगावर पडले. त्यात माझी काय चूक?

वहिनी : थिएटर बंद पडलं ती तुमची चूक नाही. तुम्ही माझी वस्तू माझ्यामागं गहाण टाकलीत, ती कुणाची?

बेलिफ : तुमच्यामागं कसं म्हणता ताई? तुम्ही हजर होतात की. हा फोटो बघा, कंपनीनं जोडलाय. मशीनवर तुम्हीच बसलाय ना? छान हसताय.

वहिनी : द्या इकडे.

दीर : साहेब, तो कशाला आता...

वहिनी : हा तर जाहिरातीचा फोटो! तो इस्त्रीच्या शर्टातला मुलगा आला होता. तुम्हीच म्हणालात, वहिनी, आपल्या दुकानाची जाहिरात करायची आहे, जरा आवरा. मी सकाळी चिंध्या गोळा केल्या. मशीन रॉकेलनं पुसलं, चाकाची आरी न् आरी. आतून आरसा आणून केस सारखे केले. त्याला चहा दिला, वर बिस्किटं. जाताना म्हणाला, काकू, मशीन एकदम नव्यासारखं दिसतंय. आणि मी? दिवसभर ते कौतुक तोंडात घोळवत बसले.

बेलिफ : म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं?

वहिनी : माहीत असतं तर हसले असते? खाटकासमोर बकरी सजवून बसवली आणि वर दोरी माझ्याच हातात दिली. घ्या तो कागद. बघवत नाही.

दीर : वहिनी, मी खरंच सोडवणार होतो.

वहिनी : तुम्ही बोलू नका. नाही, बोला. तेवढंच बोला. मशीन कुणाचं?

बेलिफ : बिल आहे का तुमच्याकडे? बिल दाखवा, मी तसं नोंदवतो.

वहिनी : बिल नाही. हे म्हाताऱ्या गादीवाल्याचं मशीन. आमचे मालक गेले, त्यानंतर मी त्याच्याकडे शिवायला जायचे. त्याची नजर गेली तसं तो म्हणाला, पोरी, मला दोरा दिसत नाही, तू घे हे. फुकट नको म्हटलं मी. मग दर आठवड्याला माझ्या मजुरीतून कापून घेत गेला. अर्ध्या मजुरीवर घर चालवलंय मी. भाजीला पाणी जास्त घालायचं आणि पोरांना म्हणायचं, आज रस्सा केलाय. पैसे फिटले त्या दिवशी त्यानं नुसती मान डोलावली आणि हातगाडी बोलावली. त्याला कसलं आलंय बिल!

बेलिफ : तो सांगू शकेल?

वहिनी : वर जाऊन विचारावं लागेल.

बेलिफ : मग अवघड आहे. तुम्हाला कोर्टात हरकत घेता येईल. वकील बघा, अर्ज करा. पण तोवर मशीन कोर्टाच्या गोदामात. आणि खरं सांगू? तिथून वस्तू परत येते तेव्हा ती वस्तू राहिलेली नसते. गंज धरतो. कुणी सुई काढून नेतं, कुणी पट्टा.

वहिनी : आणि तोवर मी काय शिवू? दातांनी?

बेलिफ : ताई, माझ्यावर चिडून उपयोग नाही. एक रस्ता मात्र आहे. कर्जदारानं इथं, माझ्यासमोर लिहून दिलं की मशीन माझं नाही, वहिनींचं आहे, त्यांच्या परवानगीशिवाय तारण दाखवलं, तर मी त्याला हात लावत नाही. तसं जबाबात घेतो आणि कोर्टाला कळवतो.

वहिनी : झालं तर मग! द्या पेन यांच्या हातात.

दीर : एवढी वायर गुंडाळून घेतो.

वहिनी : भावजी, पेन.

दीर : वहिनी, तुम्हाला कळत नाहीये. तसं लिहिलं की कंपनी मला सोडेल? खोटं तारण दिलं म्हणून फसवणुकीची केस करेल. थकबाकी वेगळी आणि फसवणूक वेगळी. आत टाकतात. विचारा यांना.

बेलिफ : करू शकतात. करतीलच असं मी म्हणत नाही.

दीर : ऐकलंत? मशीन काय, दुसरं घेता येईल. वर्षभरात मी स्वतः घेऊन देईन.

वहिनी : कशावर? माझा आणखी एक फोटो काढून?

दीर : टोमणे नका मारू. हे बघा, दुसरा मार्ग आहे. शेजारचा कुलूपवाला माझ्या शब्दाबाहेर नाही. तो येऊन सांगेल, मशीन माझं, यांना भाड्यानं दिलंय. पावती लिहून देईल. मग ते ना माझं, ना तुमचं. कंपनीनं मला विचारलं तर म्हणेन, माझा घोटाळा झाला, मला घरचंच वाटलं. सगळे सुटतील. साहेब, असं चालेल ना?

बेलिफ : मी कान झाकून घेतो. माणूस आला, पावती दाखवली, तर मी लिहीन. खरं-खोटं कोर्ट बघेल.

दीर : बघा! वहिनी, फक्त तुम्ही हो म्हणा. तुम्हाला विचारलं तर म्हणायचं, भाड्याचं आहे. दोन शब्द.

वहिनी : नाही म्हणणार.

दीर : का पण? कुणाचं काय जातंय?

वहिनी : माझं जातंय! दुकानावर पाटी तुमच्या दादांची. खोलीचा भाडेकरार तुमचा. रेशनच्या कार्डावर तुम्ही कर्ते. गिऱ्हाईक दारात येतं ते म्हणतं, शेठ आहेत का? मी समोर सुई धरून बसलेली असते आणि मला विचारतात, शेठ आहेत का! या घरात माझं म्हणावं असं हे एवढं एक लोखंड आहे. ते माझ्याच तोंडानं कुलूपवाल्याचं म्हणू? तुमच्या तारणात गेलं तर माझं हिसकावून नेलं म्हणता येईल. भाड्याचं म्हटलं की ते कधी माझं नव्हतंच.

दीर : शब्दच आहेत हो ते नुसते.

वहिनी : आणि शब्दच होते ना ते म्हाताऱ्याचे? त्यावर मी आजवर पोट भरलंय. मला खोटं बोलायचं नाही, सकाळी देवासमोर बसते ते तोंड घेऊन तर नाहीच. तू शाळेत होतास तेव्हा...

दीर : बोला ना. मला ‘तू’ म्हणालात.

वहिनी : जाऊ दे. तुम्ही. तुम्ही शाळेत होतात तेव्हा दुसऱ्याची पट्टी दप्तरात आणलीत, तर मी परत द्यायला पाठवलं होतं. जेवलाही नव्हतात रागानं. आज मी जेवणार नाही. बसा तुम्ही.

बेलिफ : ताई, मला अजून दोन ठिकाणी जायचंय. भाऊ, तुम्ही लिहून देताय का? नाही? ठीक आहे. या रे आत. खालचा पाय सोडवा आधी, ओतीव आहे, सांभाळून.

वहिनी : थांबा. सुईखाली काम आहे.

बेलिफ : काढून घ्या.

वहिनी : असं काढता येत नाही. चामडं आहे. टीप मध्येच तोडली की भोकं राहतात, मग ते कव्हर वाया. दवाखान्याच्या बाकाचं आहे, त्यांनी आगाऊ पैसे दिलेत. मला कुणाचं देणं ठेवायचं नाही.

बेलिफ : किती वेळ?

वहिनी : एक बाजू. भावजी, मागून धरा.

दीर : मी?

वहिनी : मग कोण? हमाल धरणार? रोज कोण धरतं? एवढं जड चामडं एकटीनं ओढलं की टीप वाकडी जाते. धरा. वर उचला. ओढू नका, नुसतं सोबत चला.

(मशीन चालू होतं.)

वहिनी : उजवीकडे. थोडं सैल. कोपरा आला... हं. वळवा.

दीर : वहिनी.

वहिनी : बोलू नका, कोपरा आहे.

दीर : थांबवा.

वहिनी : थांबवायचं नाही, सांगितलं ना. चार बोटं राहिलीत.

दीर : वहिनी, पाय काढा पायटीवरून! साहेब, पेन द्या. मला नाही बघवत हे. लिहा. मशीन माझं नाही.

बेलिफ : पुढं?

दीर : वहिनींचं आहे. त्यांनी मजुरीतून घेतलंय. मला पहिल्यापासून माहीत होतं.

बेलिफ : त्यांना न विचारता तारण दिलं?

दीर : न विचारता. फोटोचं कारणही खोटं सांगितलं. तेही लिहा.

बेलिफ : तेवढं लिहायची गरज नाही. तुमच्यावरच उलटेल.

दीर : लिहा म्हणतोय ना!

बेलिफ : बरं. इथं सही. खाली तारीख. ताई, तुमचीही, साक्षीची नाही, मालक म्हणून. इथं.

वहिनी : पूर्ण नाव?

बेलिफ : पूर्ण.

वहिनी : हे घ्या.

बेलिफ : चला रे, कॉम्प्रेसर उचला. सोफा दोघांनी धरा, चौकट लागेल. येतो ताई. कंपनीचा माणूस येईल, तेव्हा आवाज चढवा, माझी हरकत नाही.

वहिनी : त्याला चहा मिळणार नाही, एवढं सांगून ठेवा.

दीर : गेले.

वहिनी : दिसतंय.

दीर : आता मला बोलावतील.

वहिनी : बोलावतील.

दीर : कामाला कॉम्प्रेसर नाही, खात्यावर टाच, वर ही केस. वहिनी, काहीतरी बोला. शिव्या द्या हवं तर.

वहिनी : आत्ता नको. आत्ता जे तोंडातून निघेल ते मला परत घेता यायचं नाही.

दीर : मग मी काय करू?

वहिनी : आधी त्या खिडकीतून बाजूला व्हा. उजेड अडतोय.