दुसरा पाट

मैलापूरच्या सरकारी कार्यालयात रुजू व्हायचा कागद घेऊन रंजनी बाकावर बसली होती. खिडकीशी कारकून शहाजीराव आणि एक म्हातारी तंजावुरी मराठीत बोलू लागले, तसे तिचे कान टवकारले.

“कनकाअक्का, जिथं पूजा चालते तिथं सरकारी अनुदान देता येत नाही. कायदाच तसा आहे.”

“म्हणून तर पूर्वजांचे टाक देवघरातून काढून आमच्या संग्रहालयात काचेत ठेवले, सार. पूजा बंद केली.”

“मग त्यांच्यावर रोज ताजं कुंकू कोण लावतं?”

“तुमचेच तपासनीस.”

“श्रीवत्स? तो मंगळवारी तपासायला गेला, तो अजून परतला नाही!”

“तिथंच असतात. पहाटे न्हाऊन ओल्या धोतरानं पूजेला बसतात. हाक मारली तर ओळख देत नाहीत.”

“अय्यो! मग अहवाल कोण देणार? आज एक नवीन बाई रुजू होतायत, त्यांनाच पाठवतो.”

“ठाऊक आहे.”

“तुम्हाला कसं ठाऊक? मी अजून कुणाला बोललो नाही.”

“सकाळी तुमच्या तपासनीसांनी स्वतःशेजारी दुसरा पाट मांडला. पाटापुढं रांगोळीनं नाव लिहिलंय. रंजनी कोण हो, सार?”