अडुसष्ट थेंब

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय प्राचार्य साहेब, व्यासपीठावर बसलेले पाहुणे, आमचे मालक गुरुसिद्धप्पाशेठ, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका दाक्षायणीबाई नंदर्गी, आणि बंधुभगिनींनो,

मी राजेसाब. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शेठजींच्या टॉवेलच्या कारखान्यात सूत रंगवतो. प्राध्यापकांच्या सभेत रंगाऱ्याचं काय काम, असं आपल्याला वाटेल. वाटणं साहजिक आहे.

त्र्याहत्तरचा उन्हाळा आठवतो ना? दुष्काळ. त्या दिवसांत आमचं सूत डागाळायला लागलं. कुठं गडद, कुठं फिकं. रंगाआधी सूत नीट भिजावं म्हणून आम्ही पाण्यात साबणासारखं एक रसायन घालतो. सूत भिजतच नव्हतं. शेठजी म्हणाले, "राजेसाब, तुमी रसायन कमी घालताय. हात बदललाय तुमचा." अठरा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. शेठजी, रागावू नका, आज सांगू द्या.

मला वाटलं, रसायनाचा नवा ड्रमच खोटा असेल. कुणीतरी या कॉलेजातल्या बाईंचं नाव सांगितलं. जुन्या आणि नव्या ड्रममधली एकेक बाटली घेऊन आलो. बाईंनी काचेची बारीक नळी उभी धरली आणि थेंब मोजायला लागल्या. म्हणाल्या, "पाण्याच्या पृष्ठभागावर ताण असतो. रसायन तो सैल करतं. मग थेंब लहान होतो, आणि तेवढ्याच पाण्याचे थेंब जास्त पडतात." साधं पाणी, साठ थेंब. जुनं रसायन घातलं, एकशे अठरा. नवं घातलं, एकशे सतरा.

म्हणजे ड्रम चांगला, आणि दोष उरला तो माझ्या हाताचा. बाईंनी तसं लिहून सही केली. मी तो कागद शेठजींच्या हातात दिला. स्वतःच्या हातानं दिला! शेठजींनी वाचला आणि म्हणाले, "मग आता काय बोलायचं? थांबा घरी."

घरी माझी बायको सुगराबी एवढंच म्हणाली, "झूट नै बोले ना तुमे? फिर डर कैका?" पण सभ्यहो, माणूस खरा असला तरी घरी बसून दिवस सरत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात बाई. माझं काम गेल्याचं ऐकून आलेल्या, घामाघूम. उंबऱ्यातूनच विचारलं, "कारखान्यात पाणी कुठलं वापरता?"

"विहिरीचं. नळ आटल्यापासून."

बाई म्हणाल्या, "मी प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी घेतलं होतं, राजेसाब. तुमचं पाणी मी विचारलंच नाही की! चूक माझी आहे. चला."

कारखान्यात सगळ्या कामगारांसमोर बाईंनी विहिरीच्या पाण्यात तेच रसायन तेवढंच घातलं. नळी लावली आणि शेठजींना म्हणाल्या, "मी मोजणार नाही. तुम्हीच मोजा." शेठजी कन्नडमध्ये मोजायला लागले. ऐवत्तु, म्हणजे पन्नास झालं; अरवत्तु, साठ झालं. अरवत्तेंटुला नळी रिकामी. अडुसष्ट! मग बाईंनी आणलेल्या शुद्ध पाण्यात तेच रसायन घालून मोजले, तर एकशे सतरा. विहिरीतल्या क्षारांनी रसायन फाटून जात होतं. चूक ड्रमची नव्हती, माझीही नव्हती.

"माझा पहिला कागद अपुरा होता. त्यामुळं या माणसाचं काम गेलं," बाई मोठ्यानं म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं त्यांना. शिकलेल्या माणसानं अशी चूक चारचौघांत कबूल केलेली मी तोवर पाहिली नव्हती.

शेठजींनी टोपी काढून घाम पुसला. "राजेसाब, उद्यापासून या."

मी म्हटलं, "उद्या कशाला? आत्ताच येतो."

पुढं तीन आठवडे बाई येत राहिल्या. कधी सोडा घालून पाणी निवळायचं, कधी दुसरं रसायन. थेंब एकशे नऊवर आले तेव्हा सूत टपकन बुडालं, आणि बाई लहान मुलीसारख्या हसल्या.

आज बाई निवृत्त होतायत. पण एमआयडीसीतल्या आम्हा रंगाऱ्यांनी वर्गणी काढून एक खोली साफ केली आहे. टेबल आहे, नळी आहे, आणि शिकायला बावीस जण बसायला तयार आहेत. बाई, दर सोमवारी याल का?

...पाहिलंत? हो म्हणून मान हलवली. शेठजी, तुम्ही साक्षीदार!

बोलायची संधी दिल्याबद्दल प्राचार्य साहेबांचे आभार. माझ्या भाषेत रंग कुठं कमीजास्त लागला असेल, तर तेवढा आपण सांभाळून घ्यावा. नमस्कार.