मधला फर्मा

"हॅलो?… हो, बोल ताई… नाही गं, बंद करायचीच वेळ झालीय. कुणी नाही इथे. बोल."

वाचनालयात, मोठ्या मुलांच्या पुस्तकांच्या कपाटांपाशी, धाकटी एकटीच होती. एका हाताला खळ लागलेली, दुसऱ्यात फोन, आणि टेबलावर भाचीने शेजाऱ्यांबरोबर परत पाठवलेल्या तीन कादंबऱ्या.

"संपली परीक्षा खारूची?… मग सुट्टीत काय वाचू, हे तिनं विचारलं की तू?… बरं, तू."

गोष्टींचा विषय निघाला की धाकटीची जीभ आपसूक सैल होई. दीपगृहात वाढलेल्या भावंडांची कादंबरी दे, म्हणाली. सुरुवातीला रेंगाळते, जरा धीर धर म्हणावं. आणि अबोल मुलाची, त्याच्या हट्टी गाढवाची. ती एका बैठकीत संपते. सांगता सांगताच ती थबकली.

"ताई, ऐक ना… हो, हो, लिहून घे मग. मागच्या तीन आवडल्या का तिला?… ठीक म्हणजे? अगं, जहाजावर कामाला जाणाऱ्या मुलीची गोष्ट, ती नुसती ठीक?"

त्याच पुस्तकावर तिचा तळवा होता. वरून देखणं, आतून पोकळ. मुलगी ओट्यापाशी भांडी पुसत होती आणि पान उलटलं की एकदम भर समुद्रात. मधला अख्खा फर्मा, शिवणीतली पानांची पूर्ण घडीच, काढून घेतलेला. तिन्ही पुस्तकांची हीच गत. शिवण उसवून, पुन्हा शिवून, पुठ्ठा चढवलेला.

"उंदीर?… उंदीर शिवत नाहीत, ताई… छापखान्याची चूक, तीन पुस्तकांत?… असेल. मग गाठ कुणाची?"

पलीकडे ताईला रडू फुटलं.

दोघी बाइंडरच्या लेकी. मेण लावलेला दोरा कसा ओढायचा, गाठ पुस्तकाच्या पोटात उलटी कशी लपवायची, वडिलांनी दोघींना एकाच पाटावर बसवून शिकवलं होतं. ती गाठ आता दोघींनाच येत होती, आणि धाकटीने ती मारली नव्हती.

"रडू नकोस… ओरडत नाहीये मी… ऐक. मला वाटलं, प्रेमाबिमाची पानं काढली असशील. ती सगळी जागच्या जागी आहेत. मुलगी आईला सांगून घर सोडते, तेवढंच काढलंस. तिन्हींत तेवढंच… अगं, पंधरा वर्षांची आहे ती, कुठे निघालीय इतक्यात?"

धाकटीचा राग ओसरू लागला. भावोजी गेल्यापासून त्या घरात दोनच ताटं मांडली जात होती, हे तिलाही ठाऊक होतं. पुस्तकातल्या मुली गेल्या म्हणून घरातल्या जात नसतात, असं तिने बहिणीला हळूच समजावलं. पानं जपून ठेवली असशील तर दे, जोडते, म्हणाली. आणि खारूला धाड. किती दिवसांत फिरकली नाही.

"का नाही येणार?… रागावलीय? माझ्यावर?… मी काय केलं?… ताई, तू तिला काय सांगितलंस?… पुन्हा सांग."

ती खुर्चीवर बसली.

"पानं मी कापली, असं सांगितलंस."

धाकटीच्याच मांडीवर पोर अक्षरं ओळखायला शिकली. हिच्याच हातून घेतलेलं पुस्तक जेवताना, चालताना, आंघोळीच्या दारापर्यंत कुरतडायची, म्हणून तर ती खारू. आणि त्या खारूच्या लेखी मावशीच्या हातात आता कात्री होती.

"कळतंय गं… हो, तुझी लेक तुझ्यापासून तुटेल. माझ्यापासून तुटली तर चालेल, असंच ना?… मी गप्प बसू?… म्हणजे कायमची गप्प?… कोण आलं?… ताई, थांब, तिला नको देऊस…"

पलीकडे फोन या हातातून त्या हातात गेल्याचं कळलं.

"खारू?… हो, मीच… कधीपासून उभी आहेस गं तिथे?"

पोरीने एवढंच विचारलं, मावशी, तू कापलीस का? मागे ताईचे बारीक हुंदके चालले होते. हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं, तर त्या घराची शिवण तशीच राहिली असती. धाकटीने डोळे मिटले.

"नाही, बाळा. मी नाही कापली."

फोन ठेवल्याचा आवाज आला. ताईने ठेवला की खारूने, ते तिला कळलं नाही.