ती घर सोडून का गेली

सप्टेंबर लागला की तिथे नाताळचे वेध लागतात, त्यामुळे मनिलाच्या पुस्तकमेळ्यात नाताळची गाणी सुरू झाली होती. प्रेमकथा लिहिणाऱ्या रेमेदिओसबाई मास्क लावून स्वच्छतागृहाच्या रांगेत उभ्या होत्या. मागे दोघी बहिणी बोलत होत्या.

“ताई, रेमेदिओसबाई कादंबरीचा दुसरा भाग नाताळातच काढणार म्हणे.”

“तोवर मी कुठली राहते, जोवी.”

“असं नको ना बोलूस.”

“डॉक्टरच बोलले, तुझ्यासमोर.”

“मग सही घेताना बाईंना शेवट विचारू या.”

“शेवट काय विचारायचा? सगळ्यांची लग्नंच लावते ती. मला फक्त, ती नायिका घर सोडून का गेली, एवढं कळायला हवं होतं.”

बाईंनी वळून मास्क खाली ओढला.

“सासू तिला बोलत होती, आणि नवरा खाली मान घालून जेवत राहिला.”

“वाटलंच मला,” ताई म्हणाली.