दांडीची सायकल

(सांगली, १९४४. कॉलेजच्या मागचं आवार. शेवटचा तास सुटून बराच वेळ झाला आहे.)

उमा : साखळी काढा म्हणतेय मी. जोतिबा, ऐकू येतंय ना?

जोतिबा : येतंय की. कान शाबूत हायती माझं. गुडघा तेवढा गेलाय.

उमा : मग काढा.

जोतिबा : साखळी म्या लावली, पन कुलपाची किल्ली हापिसातल्या गंगाधरपंत साहेबांच्या खिशात. हापिसासमोर लिंबाखाली सायकल लावायची न्हाई, ह्यो नियम. तुमी लावली. म्या पहारेकरी मानूस, म्या काय करू?

उमा : मग लावू कुठे, तेवढं सांगा. पहिल्यांदा मुलींच्या स्टँडात लावली, तर तुम्हीच उचलून बाहेर काढलीत.

जोतिबा : पोरींच्या स्टँडात दांडीची सायकल चालत न्हाई. दांडीची म्हंजी बाप्याची. गेल्या साली एक पोरगं सायकल लावायचं निमित्त करून तितंच घुटमळत ऱ्हायचं. तवा साहेबांनी नियम केला.

उमा : मी बाप्या आहे का?

जोतिबा : तुमी न्हाई. सायकल हाय.

उमा : बरं. म्हणून दुसऱ्या वेळी मुलांच्या स्टँडात लावली. तर दंड.

जोतिबा : पोरींनी त्या कुंपणाच्या आत पाय टाकायचा न्हाई.

उमा : म्हणजे सायकल इकडे चालत नाही आणि मी तिकडे चालत नाही.

जोतिबा : आता बराबर बोललासा.

उमा : थट्टा नको, जोतिबा. डोकं उठलंय माझं. फाटकाबाहेर ठेवून बघितली, तर आधी घंटी गेली, मग पंप गेला. उद्या टायर सोडवून नेतील. या लढाईच्या दिवसांत टायर कुठून आणू मी?

जोतिबा : टायर न्हाई मिळत, खरं हाय. त्यापरीस बायकांची सायकल आना. बिनदांडीची.

उमा : ती काय झाडाला लागलीय? ही माझ्या दादाची. तो लढाईवर गेला म्हणून माझ्या हाती आली. हिच्यापायी मी आईचं नऊवारी नेसून येते. कासोटा मारल्याशिवाय या दांडीवरून पाय टाकता येत नाही. वर्गातल्या बाकीच्या सगळ्या गोल पातळात, आणि मला काकू म्हणतात. म्हणोत बापड्या. पण गावभागातून इथवर चालत यायचं म्हटलं, तर पहिला तास रोज बुडेल.

जोतिबा : साहेब आलं बगा. त्यास्नीच सांगा ह्ये समदं.

गंगाधरपंत : काय गं, अजून घरी गेली नाहीस?

उमा : कशावर जाऊ, सर?

गंगाधरपंत : अच्छा, ती तू होय. हे बघ, काय आहे की, ही तिसरी वेळ. पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी दंड, तिसऱ्या वेळी वाहन जप्त आणि पालकांनी समक्ष येऊन सोडवून न्यायचं. सगळं बोर्डावर स्वच्छ लिहिलेलं आहे. उद्या वडिलांना पाठवून दे.

उमा : अप्पांना नको, सर. हात जोडते.

गंगाधरपंत : का बरं? ओळखतो मी त्यांना. भला माणूस.

उमा : भले आहेत, पण वाईचं एक स्थळ आलंय आणि त्यांना हो म्हणायला निमित्त हवंय. कॉलेजातून एक तक्रार आली तर नाव काढून टाकीन, असं परवा जेवताना सगळ्यांदेखत म्हणाले. तुम्ही त्यांना इथं बोलावलंत की माझं शिक्षण तिथंच संपलं. आणि कशापायी, तर सायकल कुठे लावली यापायी.

गंगाधरपंत : म्हणजे मी काय मुलींच्या शिक्षणाच्या आड येतोय? माझी सख्खी पुतणी इथं शिकते. चारुशीला. तिची कधी तक्रार नाही.

उमा : तिच्याकडे बिनदांडीची सायकल आहे, सर.

गंगाधरपंत : तेच म्हणतोय मी.

उमा : आणि मी वेगळं काय म्हणतेय? या आवारात माझी सायकल ठेवायला कायद्यानं एकही जागा नाही. एक दाखवा, उद्यापासून तिथंच लावते. तुमची सायकल व्हरांड्यात उभी असते, ती कुठल्या नियमात बसते?

गंगाधरपंत : ती... ते निराळं. विषयांतर नको.

जोतिबा : व्हरांड्यात सावली हाय, ताई. साहेबांच्या सायकलीला ऊन सोसत न्हाई.

गंगाधरपंत : जोतिबा, तू गप्प बस. ऐक मुली. आज तुझ्यासाठी नियम वाकवला, तर उद्या दहा टोणगे येतील, बहिणीची आहे म्हणून दांडीच्या सायकली मुलींच्या स्टँडात लावतील. मग बोलणी मी खायची. पण अगदीच मार्ग नाही असं नाही. मिरजेत एक कारागीर आहे. वरची दांडी कापून काढतो आणि खाली तिरपी दुसरी नळी जोडून देतो. झाली बायकांची सायकल. सोमवारपर्यंत तसं करून आणते, एवढा शब्द दे. कुलूप आत्ता काढतो. घरी अवाक्षर कळवत नाही.

उमा : नाही.

गंगाधरपंत : नाही म्हणजे?

उमा : दांडी कापायची नाही. दादाची सायकल आहे ती.

गंगाधरपंत : कमाल आहे. मी हिची सोय बघतोय आणि ही मलाच उलट... मग येऊ देत वडिलांना.

उमा : सर, दुसरं काहीतरी सांगा.

गंगाधरपंत : दुसरं माझ्याकडे नाही. ऑफिसला कुलूप घालून येतो, तोवर ठरव. एक तर शब्द, नाही तर वडील. मग मी घरी जाणार, माझीही माणसं वाट बघतायत.

जोतिबा : गेलं. आता माझं ऐका. द्या की शब्द. दांडीच कापा म्हनत्यात, नाक कापा म्हनत न्हाईत.

उमा : तुम्हाला काय सांगायचं. त्या दांडीवर बसून मी शाळेत गेले. दादा चालवायचा आणि मी पुढं, मांडीवर दप्तर घेऊन. तो गेल्यापासून दर रविवारी आई ती दांडी तेलाच्या फडक्यानं पुसते. बाकी सायकल मी पुसायची, दांडीला हात लावायचा नाही. माझा हरी येणार, टांग मारणार आणि निघणार, हे तिचं पालुपद. आणि मी ती कापून घरी नेऊ?

जोतिबा : रजेवर येनार हाय व्हय?

उमा : पुढच्या महिन्यात. कायमचाच. सध्या पुण्याला मिलिटरीच्या दवाखान्यात आहे.

जोतिबा : कुटं लागलं?

उमा : गुडघ्याला. ब्रह्मदेशात.

जोतिबा : वाकतोय का?

उमा : नाही. पाय आता सरळच राहणार म्हणाले डॉक्टर. अप्पा जाऊन बघून आले. आई म्हणते, डॉक्टरला काय कळतंय, मी तेल लावून चोळीन, होईल सैल. ती दांडी पुसते आणि आम्ही बघत बसतो. मला राग येतो, जोतिबा. कुणाचा येतो तेच समजत नाही. मग तो तुमच्यावर निघतो.

जोतिबा : निघू द्या. पंचवीस वरसं पहारा केलेला मानूस हाय, अंगाला लावून घेत न्हाई. एक इचारू?

उमा : विचारा.

जोतिबा : सरळ पायाचा गडी त्या दांडीवरनं टांग कशी मारनार?

उमा : नाही मारणार.

जोतिबा : मग दांडी ठिवायची कुनासाठी?

उमा : तुम्ही गप्प बसा, जोतिबा.

जोतिबा : बसतो. पन ऐकून घ्या, मग बसतो. मागल्या लढाईत बसऱ्याला म्या गुडघा घालवला. माझा निम्मा तरी वाकतोय. आमच्या पलटनीत मेढ्याचा नाथाजी हुता, त्याचा पाय काठीगत ताठ. घरी आला तवा बायकूनं धरून गाडीत चढवायचा, धरून उतरवायचा. लय चिडायचा गडी. दारात कोन आलं की आत जाऊन बसायचा. मग एक मडम विलायतेला निगाली, तिनं तिची जुनी सायकल दिली त्याला. बिनदांडीची.

उमा : तो काय करणार सायकलीचं?

जोतिबा : बसनार. पाय वर घ्यावा लागत न्हाई, नुसता आत सरकायचा. ताठ पाय लोंबता सोडायचा, दुसऱ्यानं पायडल मारायचं. मेढ्याकडचा चढ आला की उतरून ढकलायचा. पन बाजाराला एकला जायचा, कुनाचा हात न धरता.

उमा : एका पायानं जमतं?

जोतिबा : पयल्यांदा पडला. लय पडला. शिव्या तर अशा दिल्या, तुमच्याम्होरं सांगता यायच्या न्हाईत. मग जमलं.

उमा : हे मघाशीच का नाही सांगितलंत?

जोतिबा : मघाशी तुमी साखळी काढा म्हनत हुता. पायाचं आत्ता सांगितलंसा.

उमा : आईला काय सांगू? दांडी कापलेली बघितली की रडून गोंधळ घालेल.

जोतिबा : रडू द्या. त्या माउलीचं रडायचंच ऱ्हायलंय.

उमा : दादाही चिडेल.

जोतिबा : चिडंल की. नाथाजीनं तर मडमेची सायकल पयल्या दिवशी ओढ्यात टाकली हुती. बायकूनं काढून आनली.

गंगाधरपंत : हं, मी निघालो. काय ठरलं? वडील येतायत का?

उमा : कुलूप काढा, सर. दांडी उतरवून घेते. शब्द देते.

गंगाधरपंत : शाबास. एवढं मघाशी ऐकलं असतंस तर माझा घसा तरी वाचला असता. बघ, नियम पाळला की अडत नाही.

उमा : नियमासाठी नाही उतरवत, सर.

गंगाधरपंत : मग कशासाठी?

उमा : घरात एकाला तशीच लागणार आहे.

गंगाधरपंत : असेल. सोमवारी मुलींच्या स्टँडात लाव आणि पुन्हा माझ्यासमोर येऊ नकोस. जोतिबा, ही किल्ली. साखळी नीट गुंडाळून ठेव, मागच्या वेळी पायात आली होती.

जोतिबा : व्हय साहेब. धरा ताई, हँडल धरा. हां, सुटली.

उमा : जोतिबा, तो मिरजेचा माणूस कापलेली दांडी परत देतो का?

जोतिबा : मागितली तर दील की. त्या तुकड्याचं करनार काय?

उमा : रविवारी आईला पुसायला लागेल.