शाळा कुठली?

—छे छे, असं थेट कुणी विचारायचं नाही गं! "तुझा धर्म कोणता" म्हणून तोंडावर विचारणं म्हणजे असभ्यपणा, आणि आमच्या लोखंड ओतायच्या कारखान्याचा फोरमन मॅकॉस्लंड तर रविवारी चर्चमध्ये वर्गणीची थाळी फिरवणारा सभ्य माणूस. तो आपला एवढंच विचारायचा — "शाळा कुठली, बाळ?" झालं! सरकारी बोर्डाची म्हटलंस की प्रॉटेस्टंट — ये आत, साचे भरायला शीक. सेंट अमुकतमुक म्हटलंस की कॅथलिक — "सध्या जागा नाही रे." पन्नास वर्षं त्या कारखान्यात कॅथलिकांना "सध्या" जागा नव्हती! हस, हस, मीही हसतो. बिस्किट घे ना. शनिवारच्या प्रदर्शनासाठी तुम्हा लायब्ररीवाल्यांना काय हवं ते या वॉल्टर रेनीला विचार — शाळा, चर्चं, कारखान्याच्या तिन्ही भट्ट्या, सगळं इथं डोक्यात आहे. या चर्चचे खांबसुद्धा आमच्याच कारखान्यात ओतलेले, ठोकून बघ — नको, रंग ओला आहे.

बघू तो फोटो. चष्मा कुठं गेला — हां. हा डॅनी कॉइल, खिशात कायम बेडूक. हे मॅगिनेस जुळे — एकाच्या वाटच्या छड्या नेहमी दुसरा खायचा, आणि मास्तरांना शेवटपर्यंत पत्ता नाही. हा ह्यू ब्रेनन, वर्गातला सगळ्यात वाह्यात कार्टा, म्हणून पुढे पाद्री झाला! हा फ्रान्सी लॅफर्टी... पेन्सिल चालव की, थांबलीस का? हो, वाचली मी फोटोतली पाटी — सेंट कोलम, सन सत्तेचाळीस. मग? पलीकडच्या गावातली शाळा ती, लहानपणी आम्ही तिथं राहायचो, शेजारची पोरं, माहीत असणारच! मागच्या रांगेतला तिसरा? तो कोणी नाही. "अनोळखी" लिही. चहा गार होतोय तुझा.

अशी बघू नकोस गं. तू काही मॅकॉस्लंड नाहीस. बरं, ऐक, आणि ऐकून विसरून जा. आडनाव बापाचं, त्यावरून कुणाला काही कळायचं नाही. बाप प्रॉटेस्टंट, पण तो लवकर गेला, आणि आई डोनेगॉलची कॅथलिक, दिवसातून दोनदा जपमाळ ओढणारी — तिनं घातलं सेंट कोलममध्ये. मग इथं राहायला आलो, पंधराव्या वर्षी मॅकॉस्लंडपुढे उभा राहिलो, त्यानं विचारलं, आणि माझ्या तोंडून निघालं — "बोर्डाची." तपासायला बसलंय कोण? फोरमनला शेंडी लावली म्हणून नाचत घरी गेलो. आई म्हणाली, पोटासाठी बोललास, देव समजून घेईल. पण बोललं की निभवावंही लागतं ना — रविवारी इथं, या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये, येऊन बसायला लागलो, प्रॉटेस्टंटांच्या जुलैतल्या मिरवणुकीत बासरी वाजवली, बरी वाजवायचो हो, लग्नही इथंच, आणि आता तर किल्ल्याच माझ्याकडे! सेहेचाळीस वर्षं कारखान्यात काढली, ताकास तूर लागू दिली नाही. एकदाच काय ते जड गेलं — चौसष्ट साली आई गेली तेव्हा. आमची कारखान्याची मंडळी आली होती, माझ्यासाठी म्हणून, चांगली माणसं ती — आई कॅथलिक हे त्यांना ठाऊक, पण पोरगा बापाच्या धर्मात वाढला असं धरून चालायचे — पण कॅथलिक चर्चमध्ये पाऊल टाकायचं नाही, समोरच्या फुटपाथवर टोपी काढून उभं राहायचं, ही त्यांची रीत. आता त्यांच्या देखत मी आत गेलो असतो, तर गुडघा कुठं टेकायचा, छातीवर क्रूसाची खूण कधी करायची, हे माझ्या हातापायांना बरोब्बर ठाऊक — मग झालंच ना सगळं! तेव्हा मीही उभा राहिलो. आई आत, आणि मी फुटपाथवर, टोपी हातात. शवपेटी उचलताना एक खांदा कमी पडत होता. तो रोझनं दिला — बहीण माझी. जाताना तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं, त्यानंतर अक्षर बोलली नाही. दोन गल्ल्या सोडून राहते. बेकरीत दिसली की मीच मागं फिरतो. लाज वाटते गं, दुसरं काय.

म्हणून म्हणतो, "अनोळखी" लिही. शनिवारी आमच्या चर्चचा सगळा बोलिंग क्लब येणार इथं — पंचाहत्तरी उलटल्यावर आता कुठं सांगत बसू, शाळा कुठली ते? तुझं काय अडतंय त्या एका नावावाचून? एवढी पोरं सांगितली की तुला.

काय? अडत नाही? हे एकच नाव आहे तुझ्याकडे आधीपासून? म्हणजे काय — फोटो दिला कुणी तुला? आणि माझ्याकडे जा म्हणून कुणी... उलटा करू? का, मागे काय आहे — थांब, उजेडात धरतो.

"मागची रांग, तिसरा. वॉल्टर. माझा भाऊ. बाकीच्यांची नावं त्यालाच आठवतील."

...

नाही, काही नाही. जा तू, पोरी. बिस्किटं ने बरोबर. फोटो राहू दे. जा म्हटलं ना — दार ओढून घे.