पिन केलेली ओळ

वडील गेल्यावर त्यांचा संगणक पुसून विकायचा ठरला. तो घेऊन मी दुरुस्तीच्या दुकानात बसले होते. शेजारी दोघी बहिणी लॅपटॉपवर वाकल्या होत्या.

"ताई, विंडोजचं बटण धर आणि व्ही दाब."

"अगंबाई, ही कसली यादी?"

"तू कॉपी केलेलं सगळं."

"म्हणजे एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा कॉपी करत इतकी वर्षं उगाच हमाली केली मी!"

"लॅपटॉप बंद केला की यादी जाते. हवं ते पिन कर, ते राहतं."

"तू काय पिन केलंयस?"

"घरचा पत्ता. आणि तुझ्या वाढदिवसाच्या शुभेच्छांची ओळ."

"दरवर्षी तीच चिकटवतेस? लबाड!"

"एकदा मनापासून लिहिली होती की."

माझा नंबर आला.

"सगळं पुसायचं ना?" दुकानदाराने विचारलं.

"आधी एकदा चालू करून द्या. दोन बटणं दाबून बघायची आहेत."